सव्वा मूठ

शनिवार, १० ऑगस्ट २०२४, अमळनेर

काल नागपंचमी झाली, उद्या आमच्या खानदेशची देवी कानबाई घरी बसणार. सकाळपासून घर धुणं चाललंय. पितळी भांडी चिंचेने घासून ओट्यावर उन्हाला टाकलीत. चक्कीवाल्याला दोन दिवस आधीच सांगून ठेवलं होतं. रोटांचं, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या पोळ्यांचं, दळण घ्यायच्या आधी तो चक्की धुऊन पुसून घेतो, मग गल्लीतल्या घराघरांचे गहू ओळीने दळतो.

दुपारी आजीने मधल्या खोलीत धुतलेलं लुगडं अंथरलं आणि गहू मोजायला बसली. आमच्या घरी माणसागणिक सव्वा मूठ. एकेकाचं नाव घ्यायचं, एक भरलेली मूठ टाकायची, मग त्याच नावाची पाव मूठ. ही पाव मूठ ती कशी घेते ते मी लहानपणापासून बघते आहे. अंगठा आणि दोन बोटं जुळवून, कुंकू उचलावं तसे गहू उचलते, आणि टाकताना बोटं एकदम न सोडता हळूहळू उघडते. दाणे एकावर एक पडल्याचा आवाज येतो. पप्पा, काका, आई, काकू, माझे चुलतभाऊ, मी. अकरा माणसांच्या अकरा सव्वा मुठी झाल्या.

पाहुणी पोर सूप घेऊन समोरच बसली होती. खडे काढून काढून तिच्या बोटांची टोकं पांढरी झाली होती. मी आजीला विचारलं, "आणि हिची?"

आजीचा हात पोत्यात होता, तो तसाच राहिला. काही बोलली नाही. मग पोत्याचं तोंड बांधून टाकलं.

मला वाईट वाटलं. अजूनही वाटतंय. रात्रीचे अकरा झालेत, आणि हे लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

ही पोर ब्राझीलची, मिनास जेराइस राज्यातली, सतरा वर्षांची. जुलैच्या मध्याला आमच्याकडे आली. मी रोटरीच्या युथ एक्स्चेंजमधून जर्मनीला गेले होते, गेल्या ऑगस्टपासून या जुलैपर्यंत. आमची मुलगी कुणीतरी वर्षभर सांभाळली, तर आपणही कुणाची तरी सांभाळायची, असं पप्पांनी मी जायच्या आधीच ठरवलं होतं. या योजनेत ठेवून घेणाऱ्या घराला पैसे मिळत नाहीत. वर्षभरात पोरं दोन-तीन घरं बदलतात. डिसेंबरपर्यंत ती आमच्याकडे, नंतर दुसऱ्या घरी.

ती आल्यापासून आई तिला ताटसुद्धा उचलू देत नाही. आमच्या घरात एकच कूलर आहे, तो तिच्या खोलीत. तिच्यासाठी वेगळ्या पाण्याच्या बाटल्या, कमी तिखटाची वेगळी भाजी. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारते, काय करू? आई म्हणते, "काही नको बेटा, तू बस." मग ती बंगईवर बसते आणि पायाने हळूहळू झोका घेते. बघायला येणाऱ्या बाया तिचे केस हातात घेऊन बघतात, गोड बोलतात, फोटो काढून जातात.

गेल्या आठवड्यात गच्चीवर कपडे काढताना ती मला म्हणाली, "मी रोज माझ्या आईला सांगते, इथे सगळे फार चांगले आहेत. पण या घरात मला कुणी काही मागत नाही."

मला ते ऐकून काय वाटलं ते आईला अजून सांगता आलेलं नाही. आईने जे केलं ते मायेने केलं. पण मी स्वतः त्या बंगईवर बसून आलेय, म्हणून मला कळतं.

जर्मनीत ओल्डेनबुर्गजवळच्या गावात माझं पहिलं घर होतं. सपाट जमीन, वारा, गाई. आई, बाबा, चौदा वर्षांचा मुलगा. रात्री तिथे चूल पेटतच नाही. साडेसहाला आबेंडब्रोट, म्हणजे शब्दशः संध्याकाळचा पाव. प्रत्येकासमोर एक छोटी लाकडी फळी, तिच्यावर पाव, चीज, काकडीच्या चकत्या, मुळा. गरम भाकरीवर वाढलेल्या पोरीला ते थंड जेवण घशाखाली उतरायचं नाही. तिथले साडेसहा म्हणजे इथले रात्रीचे दहा. इकडे माझ्या आईची भांडी आवरून झालेली असायची, म्हणून फोन नेमका तेव्हाच यायचा. मी एका कानात इअरफोन घालून आईशी बोलत बोलत पाव कुरतडायचे. पहिले तीन आठवडे कुणी काही म्हटलं नाही. गोड हसायचे, बस्.

सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी त्या घरच्या आईने हातातली सुरी फळीवर ठेवली आणि म्हणाली, "नाही. जेवताना फोन नाही. माझ्या मुलाला नाही, तुलाही नाही."

त्या रात्री मी उशीत तोंड घालून रडले. आमच्याकडे पाहुण्याला असं तोंडावर कुणी बोलत नाही. अंगणात येऊन कुणी झाडाची फांदी मोडली तरी आजी म्हणेल, असू दे. मला वाटलं, हे लोक मला कंटाळले.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवरच्या कामांच्या कागदावर माझं नाव होतं. गुरुवारी भांड्यांचं मशीन रिकामं करणं आणि कागदाचा कचरा बाहेर नेणं. त्यानंतर त्या घरात मला खूप वेळा "नाही" ऐकायला मिळालं. रविवारी मिक्सर नाही, कारण तिकडे रविवार शांततेचा, शेजाऱ्यांना त्रास होतो. थंडीत खिडकी बंद ठेवायची नाही, सकाळ-संध्याकाळ सताड उघडून हवा बदलायची, मग बोटं गारठली तरी. घरात बाहेरचे बूट नाहीत. आणि मीही त्यांना "नाही" म्हणायला शिकले. डुकराचं मांस मी खाणार नाही म्हणाले. शनिवारी खिचडी मी करणार, कुणी मध्ये यायचं नाही म्हणाले. फेब्रुवारीत तो मुलगा माझ्यावर खेकसला, की मी बाथरूममध्ये फार वेळ लावते. मीही खेकसले. रात्री झोपताना लक्षात आलं की आज आपण भांडलो, आणि मला त्यात भीतीची काहीच गोष्ट वाटली नाही.

गेल्या वर्षी कानबाईच्या दिवशी मी तिकडे नवीनच होते. आईने फोनवर सांगितलं, "तुझी मूठ घातली गं. तुझ्या वाटचा रोट पप्पांनी खाल्ला." मी साडेसहा हजार किलोमीटरवर आणि माझी सव्वा मूठ अमळनेरच्या लुगड्यावर. त्या रात्री मला त्याचा फार आधार वाटला होता. म्हणूनच आज आजीने पोत्याचं तोंड बांधलं तेव्हा मला लागलं.

रविवार, ११ ऑगस्ट

सकाळी स्वयंपाकघरात वाद झाला. रोटांचं अन्न कुळाबाहेर जात नाही. भाऊबंदच खातात, उरलं तरी उंबऱ्याबाहेर जात नाही. चाळीस वर्षांच्या शेजाऱ्यांनाही देत नाहीत. आईचं म्हणणं, पोरीला आज दिवसभर दुसऱ्या मैत्रिणीच्या घरी पाठवू, तिला कळायलाच नको. काकूचं म्हणणं, वरच्या खोलीत तिला आवडतं ते वाढू, बघणार कोण.

आजी पुरण वाटत होती. पाट्यावरून हात न उचलता अहिराणीत म्हणाली, "लपाडीसन काय ठेवतस? तिले सांगा."

कुणी सांगेना. शेवटी आजीनेच तिला हाक मारून समोर पाटावर बसवलं. "पोर, रोट कुळना ऱ्हातस. तू मना घरनी शे, कुळनी नही." आणि माझ्याकडे बघितलं.

मला भाषांतर करायचं होतं. रोट कुळाचे असतात, तू माझ्या घरची आहेस, कुळाची नाहीस. इंग्रजीत 'घर' आणि 'कुळ' हे दोन शब्द वेगळे करून सांगताना माझी फार ओढाताण झाली. मी लांबण लावली, गहू कसे मोजतात, मूठ कुणाची, एकदा मोजली की ती दरसाल मोजावी लागते, माणूस घरात असो नाहीतर परदेशात. तिने सगळं ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे मला आज वेगळं खावं लागेल? पण तुमच्याबरोबर बसता येईल?"

आजीला विचारलं. आजी म्हणाली, बसायचं नाही तर काय.

संध्याकाळी कानबाई बसली. चौरंगावर नारळाची देवी, नथ, गळ्यात सर, अंगावर नवं कापड. घरात सोन्याचं जे काही आहे ते त्या दिवशी तिच्या अंगावर असतं. आरती झाली. पंगत बसली. पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी आमच्या ताटात, आणि पाहुणीच्या ताटात दुसऱ्या पिठाच्या पोळ्या, वेगळ्या चुलीवर वेगळी केलेली भाजी. तिच्या शेजारी तसंच ताट घेऊन माझी आत्या बसली होती.

आत्याबद्दल मला इथे लिहायलाच हवं. ती याच घरात जन्मली. लग्न होईपर्यंत तिची मूठ या लुगड्यावर पडायची. लग्नानंतर नाही. आणि तिच्या सासरी, धुळ्याला, कानबाई बसतच नाही. म्हणजे तिची मूठ इथून निघाली ती कुठे पडलीच नाही. दरवर्षी ती येते, राबते, पोळ्या लाटते आणि वेगळं ताट घेते. मी आजवर ते पाहिलं होतं, पण आज पहिल्यांदा मला ते दिसलं. आज मी आजीला विचारलंसुद्धा, माझं लग्न झाल्यावर माझी मूठ? आजी म्हणाली, "तुनी मूठ तठे पडी." मी विचारलं, आणि आत्याची?

आजीने उत्तर दिलं नाही. तिला वाईट वाटावं म्हणून मी विचारलं नव्हतं. पण परक्या मुलीला "नाही" सांगणं मला पटलं तसं आत्याला "नाही" सांगणं मला पटत नाही, आणि पुढेही पटणार नाही. हे मी आजीला पुन्हा एकदा शांतपणे सांगणार आहे.

आत्या मात्र जेवताना त्या पोरीला कोपराने ढोसून म्हणाली, "आपण दोघी बिनरोटाच्या." पोरीला शब्द कळले नाहीत, पण ती जोरात हसली. दोघींनी एका वाटीतून लोणचं खाल्लं.

जेवणं झाल्यावर पोर आजीजवळ जाऊन बसली आणि फोनमध्ये फोटो दाखवायला लागली. तिच्या मामाचं शेत आहे, गाई आहेत. मोठं बाहेर आलेलं कपाळ, लांब लोंबते कान, वशिंड, लालसर अंग. आजीने फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि ओरडली, "हाई ते गीर शे!"

खरंच गीर. काठेवाडातून गेलेली जात. गीर, ओंगोल अशा आपल्याकडच्या गाई-बैलांपासून ब्राझीलने आपले मोठमोठे कळप वाढवले. आपल्याकडच्या ओंगोलला तिकडे नेलोर म्हणतात. पोरीला तिच्या गाईचं मूळ आपल्या शेजारच्या गुजरातेत आहे हे माहीत होतं, आजीला त्या गाई समुद्रापलीकडे पोचल्यात हे माहीत नव्हतं. अर्धा तास दोघी गाईंवर बोलल्या, एक अहिराणीत, एक पोर्तुगीजमध्ये. दूध किती देते ते बोटांवर मोजून झालं. मला मध्ये कुणी बोलावलं नाही.

सोमवार, १२ ऑगस्ट

सकाळी कानबाईला निरोप. बाया गाणी म्हणत, फुगड्या घालत बोरी नदीकडे निघाल्या. पोर पहिल्या फुगडीत पडली, दुसरीत आत्याने तिचे हात पक्के धरले. परत येताना तिचा परकर चिखलाने भरला होता. आईने लगेच म्हटलं, बेटा, तू आंघोळ करून आराम कर.

आजी ओसरीवर रिकामा चौरंग घेऊन बसली होती. चौरंग, पाट, तांब्या, सगळं धुऊन वर ठेवायचं होतं. तिने पोरीला हाक मारली. पोरीने चौरंग उचलला आणि उलटा, पाय वर करून, ओल्या जमिनीवर ठेवला. आजी कडाडली, "अशी नही वं! सरळ ठेव." पोरीने पटकन सरळ केला. माझ्या छातीत धस्स झालं. आई दारातून धावत आली, म्हणाली, अहो, तिला कशाला. आजीने आईकडे पाहिलंसुद्धा नाही.

"जाय, बादली भरी आन," आजी म्हणाली.

मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तोवर ती बादली घेऊन नळापाशी पोचली होती.