उसाचं पान, आप्पांचा डोळा आणि मदुराईची ट्रायल

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमचे चुलते, आप्पा, वाळवा तालुक्यात असतात, उसाचं पाचट काढताना पान सपकन डोळ्याला लागलं. उसाच्या पानाची कड कशी असते ते ज्यानं ऊस केलाय त्याला माहितीये, हातापायाला चरे पडतात मग डोळ्याचं काय. आप्पांनी पाण्यानं डोळा धुतला आणि परत कामाला लागले. दुसऱ्या दिवशी लाल झाला, खुपायला लागलं, म्हणून गावातल्या मेडिकलमधून एक ड्रॉप आणला. दोन दिवसात लाली कमी झाली, दुखणं कमी झालं, घरात सगळे म्हणाले चला बरं झालं. आणि आठव्या दिवशी वहिनीनं उजेडात बघितलं तर बुबुळावर पांढरट ठिपका.

मी सुट्टीला गेलेलो म्हणून मीच त्यांना घेऊन सांगलीला गेलो. तिथल्या मॅडमनी आधी ड्रॉपची बाटली मागितली, लेबल वाचलं आणि गप्प झाल्या. त्यात अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड होतं. मग त्यांनी समजावून सांगितलं की पाल्यापाचोळ्याची जखम असेल तर बुरशीची शक्यता मोठी असते, आणि स्टेरॉइडनं सूज उतरते, लाली जाते, माणसाला वाटतं आराम पडला, पण शरीर बुरशीशी जे लढत असतं तेच स्टेरॉइड दाबून टाकतं, त्यामुळे वरून डोळा शांत दिसतो आणि आत बुरशी पसरत राहते. मला ते ऐकून अंगावर काटा आला कारण ते दोन "बरं वाटलं"चे दिवस आम्ही सगळ्यांनी आनंदात घालवले होते.

मग डोळा बधिर करायचा थेंब टाकून त्यांनी जखमेच्या कडेवरून जरासं खरवडून काढलं, काचेच्या स्लाइडवर घेतलं, वर केओएच नावाच्या रसायनाचा थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपखाली धरलं. मलाही बघू दिलं. धाग्यासारख्या फांद्या फुटलेल्या. इतकीच तपासणी, थोड्या वेळात झाली, महागडं मशीन नाही काही नाही. हीच पहिल्या दिवशी झाली असती तर, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

औषध दिलं नॅटामायसिन ५ टक्के. दुधासारखा पांढरा ड्रॉप, बाटली ठेवली की खाली साका बसतो म्हणून दर वेळी हलवून घ्यायची, आणि टाकला की पापणीच्या कडेला पांढरं पांढरं चिकटून राहतं. जागे असेपर्यंत तासातासाला. वहिनीनं वहीत रेघा मारून ठेवल्या, सात आठ नऊ दहा, टाकला की टिक. मी शहरात राहणारा, मला वाटलं यापेक्षा नवीन काहीतरी असेलच की, हे जुनाट दिसतंय. म्हणून रात्री वाचत बसलो आणि तेव्हा मदुराईची ट्रायल सापडली.

नॅटामायसिन खरंच जुनं आहे, १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ नावाच्या प्रांतातल्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं, अमेरिकेत डोळ्यासाठी १९७८ ला मंजूर झालं. त्यानंतर व्होरिकोनॅझोल हे बुरशीवरचं नवं औषध आलं, ते बुबुळात जास्त खोलवर जातं, लॅबमध्ये भारी वाटत होतं, आणि डॉक्टर लोक त्याच्याकडे वळायला लागले होते. पण कुठलं खरंच चांगलं हे कोण सांगणार? मदुराईच्या अरविंद आय हॉस्पिटलनं आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रॉक्टर फाउंडेशन या डोळ्यांवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या लोकांनी मिळून ते करून बघितलं. दक्षिण भारतातले तीनशेहून जास्त पेशंट, सगळ्यांच्या स्लाइडवर बुरशी दिसलेली, चिठ्ठी टाकल्यासारखं वाटून अर्ध्यांना हे आणि अर्ध्यांना ते. निकाल २०१३ ला छापून आला. तीन महिन्यांनी तक्ता वाचायला लावला तेव्हा नॅटामायसिनवाले सरासरी जवळजवळ दोन ओळी जास्त वाचत होते, आणि फ्युजेरियम नावाची जी बुरशी शेतातल्या मातीत आणि पिकावर असते तिच्या पेशंटमध्ये तर फरक चार ओळींचा. बुबुळाला भोक पडणं किंवा ते बदलायची पाळी येणंही नॅटामायसिनमध्ये बरंच कमी. म्हणजे जुनं औषध जिंकलं.

मला यातलं सगळ्यात भावलं ते हे की ट्रायल आपल्याकडे, ज्यांना हा आजार खरोखर होतो त्यांच्यावर झाली. श्रीमंत देशात हा आजार मुख्यतः कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांचा, आपल्याकडे तो शेतकऱ्याचा. नंतर गोळीच्या रूपात व्होरिकोनॅझोल जोडून बघितलं, भारत आणि नेपाळमधले २४० पेशंट, २०१६ चा निकाल, एकूणात फायदा नाही. २०२२ मध्ये नेपाळच्या 'लहान' नावाच्या गावातल्या हॉस्पिटलात क्लोरहेक्सिडिन हे स्वस्त जंतुनाशक वापरून बघितलं कारण नॅटामायसिन सगळीकडे मिळत नाही, तिथेही नॅटामायसिनच सरस ठरलं. २०१७ पासून ते डब्ल्यूएचओच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तरी आम्हाला तालुक्याच्या गावात तीन मेडिकल फिरून मिळालं नाही, स्टेरॉइडचा ड्रॉप मात्र चिठ्ठीशिवाय पहिल्याच दुकानात मिळाला होता, याचा मला अजून राग येतो.

अजून एक वाचलेलं सांगतो. नेपाळच्या भक्तपूरमध्ये गावातल्या कार्यकर्त्यांना शिकवलं होतं की डोळ्याला खरचटलं की लगेच क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकचं मलम, दिवसातून तीनदा, तीन दिवस. २००१ ला छापलेल्या त्या अभ्यासात ज्यांनी १८ तासांच्या आत सुरू केलं त्यातल्या एकालाही अल्सर, म्हणजे बुबुळावरची चिघळलेली जखम, झाला नाही. पण तिथे तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि पुढे नेपाळमध्येच गावं वाटून मोठी ट्रायल झाली तिच्यात अल्सरचं प्रमाण कमी झालेलं दिसलं नाही. म्हणून मलमाची खात्री मी देणार नाही. माझं म्हणणं एवढंच की पाला, कुसळ, भुसा काहीही लागून डोळा दुसऱ्या दिवशी लाल राहिला तर थेट डोळ्याच्या डॉक्टरकडे जा, काय लागलं ते सांगा, आणि खरवडून स्लाइड बघणार का असं तोंडानं विचारा. कुणाचा उरलेला ड्रॉप नको, दूध नको, मध नको.

आप्पांचा डोळा वाचला. बारीक फूल राहिलंय, उजव्या डोळ्यानं पेपरातली मोठी अक्षरं दिसतात बारीक नाही. काल फोन केला तर शेतातच होते, आता साधा पांढऱ्या काचेचा गॉगल घालून पाचट काढतात, म्हणाले घामानं काच धुरकट होते रे, दर दोन सरीला थांबून पुसावी लागते.