टेक्नेशियमचा जनरेटर: आधीची धार कधी काढली होती?

अणुक्रमांक ४३. १९३७ साली पालेर्मोत कार्लो पेरिए आणि एमिलिओ सेग्रे यांनी सायक्लोट्रॉनमधल्या (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रातल्या) मॉलिब्डेनम धातूच्या पत्र्यातून हे मूलद्रव्य वेगळं केलं. त्याचा एकही स्थिर समस्थानिक नाही. रुग्णालयात स्कॅनसाठी लागतो तो टेक्नेशियम-९९एम: अर्धायुष्य ६ तास, गॅमा किरण १४० केईव्हीचे (केईव्ही हे ऊर्जेचं एकक). शरीरातून सहज बाहेर यावेत आणि कॅमेऱ्याच्या स्फटिकात मात्र अडावेत, अशी ही नेमकी ऊर्जा आहे.

सकाळी ८ वाजता ४००० मेगाबेकरेल (किरणोत्साराचं एकक) असतील, तर दुपारी २ ला २००० उरतात आणि रात्री ८ ला १०००. असा माल साठवता येत नाही. म्हणून आणला जातो त्याचा जनक, ६६ तास अर्धायुष्याचा मॉलिब्डेनम-९९. शिशाच्या आवरणात ॲल्युमिनाचा छोटा स्तंभ असतो. मॉलिब्डेट (मॉलिब्डेनमचं स्तंभातलं रूप) त्याला घट्ट धरून राहतं, पर्टेक्नेटेट (टेक्नेशियमचं रूप) सैल असतं, आणि ०.९ टक्के सलाइन सोडलं की तेच वाहून येतं. या जनरेटरला 'मॉली काऊ', म्हणजे मॉलिब्डेनमची गाय, म्हणतात, त्यामुळे मराठीत 'धार काढणं' हाच शब्द चपखल बसतो. एका धारेनंतर ६ तासांत कमाल पातळीच्या साधारण ६० टक्के टेक्नेशियम पुन्हा जमतं. कमाल पातळी गाठायला सुमारे २३ तास लागतात.

कोरड्या स्तंभाच्या जनरेटरवर आधी सलाइनची बाटली लावायची, मग निर्वात बाटली. सलाइन संपलं तरी निर्वात बाटली लगेच ओढून काढू नये. मागून येणारी हवा स्तंभ कोरडा करते, आणि तो ओला राहिला तर किरणांमुळे पाण्याचं विघटन होऊन टेक्नेशियमचं क्षपण होतं (इलेक्ट्रॉन मिळून त्याचं रूप बदलतं). मग ते स्तंभातच अडकतं आणि पुढची धार कमी मिळते.

प्रत्येक धारेत मॉलिब्डेनम उतरलं आहे का, हे तपासायलाच हवं. बाटली शिशाच्या जाड डब्यात ठेवून डोस कॅलिब्रेटरमध्ये (किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रात) मोजायची: टेक्नेशियमचे किरण शिशात अडतात, मॉलिब्डेनमचे ७४० केईव्हीचे पार होतात. अमेरिकी औषधकोशाची मर्यादा दर मेगाबेकरेल टेक्नेशियममागे ०.१५ किलोबेकरेल मॉलिब्डेनम अशी आहे, आणि ती इंजेक्शन देतानाच्या वेळेला लागू होते. टेक्नेशियम लवकर घटतं, त्यामुळे हे गुणोत्तर चढत जातं. सकाळचं ०.०५ बारा तासांनी ०.१७ च्या पुढे जातं.

पण सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते दोन धारांमधल्या अंतराकडे. ९९एम घटला की टेक्नेशियम-९९ बनतो. त्याचं अर्धायुष्य दोन लाख वर्षांहून जास्त, रसायन मात्र तेच. २४ तासांनी काढलेल्या धारेत एकूण टेक्नेशियम अणूंपैकी सुमारे २८ टक्के ९९एमचे असतात, ७२ तासांनी जेमतेम ८ टक्के. कॅलिब्रेटरवर आकडा भरपूर दिसतो, पण बाटलीत बिनकामाच्या अणूंची गर्दी असते.

टेक्नेशियम औषधाला जोडण्यासाठी तयार बाटली, म्हणजे किट वापरतात; त्यातलं कथील नेमकं इथेच अपुरं पडतं. पर्टेक्नेटेट थेट कशालाही बांधलं जात नाही. स्टॅनस क्लोराइड (कथिलाचा क्षार) आधी त्याचं क्षपण करतं, आणि ९९ व ९९एम यांत ते फरक करत नाही. एचएमपीएओसारख्या (मेंदूच्या स्कॅनसाठीच्या) किटमध्ये कथील अगदी मोजकं असतं. म्हणून त्यासाठी २ तासांच्या आतली धार लागते, आणि ती ज्या जनरेटरची आहे त्याची आधीची धारही २४ तासांच्या आत काढलेली हवी. सुट्टीनंतरची पहिली धार या कामाला वापरूच नये. ती बाजूला ठेवून काही तासांनी दुसरी काढावी.

कथिलाचा दुसरा शत्रू हवा. किटच्या बाटलीत सुईतून हवा सोडली, तर ऑक्सिजन कथील खाऊन टाकतो. धार जितके मिलिलिटर घातली, तितकाच वायू त्याच सिरिंजने ओढून घ्यावा.

हे बिघडलं की चित्रात दिसतं. हाडांच्या स्कॅनमध्ये जठर, थायरॉइड आणि लाळग्रंथी उजळल्या तर मोकळं पर्टेक्नेटेट राहिलं आहे. यकृत उजळलं तर बहुधा कोलॉइड (द्रवात तरंगणारे अतिसूक्ष्म कण) बनलं आहे. पण तोवर रुग्णाला डोस गेलेला असतो. थिन लेयर क्रोमॅटोग्राफीची (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारी) पट्टी काही मिनिटांत तेच सांगते, म्हणून ती इंजेक्शनच्या आधी लावावी. आणि नोंदवहीत धारेच्या वेळेशेजारी आधीच्या धारेची वेळ लिहायला एक रकाना आखून ठेवावा.