गुड फ्रायडेचे हॉट क्रॉस बन : एप्रिलच्या उकाड्यात घरी करताना

गुड फ्रायडे २० मार्च ते २३ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. म्हणजे इंग्लंडात तेव्हा थंडी पुरती सरलेली नसते आणि मुंबईत पंख्याखालीही घाम येत असतो. हॉट क्रॉस बन म्हणजे वर क्रॉस काढलेले, मसाला आणि मनुका घातलेले गोडसर पाव. त्यांच्या तिकडच्या कृतीत ‘कोमट दूध घ्या’ असं लिहिलेलं असतं. मी ते शब्दशः पाळलं आणि पहिली खेप बिघडली. पीठ पाऊण तासात भांड्याबाहेर आलं, बनांना आंबूस वास आला आणि ओव्हनमध्ये ते बसले.

आता दूध फ्रिजमधून काढूनच वापरते. बेकरीतला हिशेब सोपा आहे. मळून झालेलं पीठ २६ अंशांवर हवं. खोली, मैदा आणि दूध अशा तिघांचं तापमान धरायचं, म्हणून २६ गुणिले ३ म्हणजे ७८. त्यातून खोलीचे ३३ आणि मैद्याचे ३३ वजा केले की दुधासाठी उरतात १२ अंश. मळताना घर्षणाने थोडी ऊब येतेच, त्यामुळे दूध १० अंशांवर असलं तरी चालतं.

१२ बनांसाठी मैदा ५०० ग्रॅम, साखर ७०, मीठ ८, इन्स्टंट यीस्ट ७, दूध २४० मिली, एक अंडं, लोणी ६० ग्रॅम. दालचिनी पूड दीड चमचा, जायफळ आणि लवंग पाव-पाव चमचा. सुगंधाच्या मोहात दालचिनी वाढवू नका. तिच्यातला वास देणारा घटकच यीस्टला दाबतो, आणि साखर पाणी ओढून घेते म्हणून यीस्ट आधीच दमलेलं असतं. मसाला जास्त हवा असेल तर तो वरून लावायच्या पाकात घाला.

लोणी आणि फळं सोडून बाकी सगळं एकत्र करून ८ मिनिटं मळायचं, मग लोणी थोडं थोडं घालत आणखी ६-७ मिनिटं. लोणी सुरुवातीलाच घातलं तर मैद्याच्या कणांवर त्याचा थर बसतो आणि पीठाला ताण यायला फार वेळ लागतो. लोणी पडलं की पीठ फाटल्यासारखं, चिकट दिसतं. इथे घाबरून कोरडा मैदा भुरभुरला की बन घट्ट झालेच म्हणून समजा. मळत राहिलं की पीठ पुन्हा जमून येतं.

फळं अगदी शेवटी. १५० ग्रॅम मनुका गरम पाण्यात १५ मिनिटं भिजवून, निथळून, फडक्यावर कोरड्या करायच्या. न भिजवता घातल्या तर त्या पीठातलं पाणी शोषतात आणि वर आलेल्या जळून कडू होतात. सोबत ५० ग्रॅम पाकवलेली संत्र्याची साल. टूटी-फ्रूटी घालणारे घालोत. ती मुळात कच्ची पपई, संत्र्याचा कडवटपणा तिच्यात नाही, शिवाय रंग सुटतो.

पीठ दुप्पट व्हायला मला सव्वा तास लागतो. मग ९०-९५ ग्रॅमचे गोळे, लादीपावासारखे एकमेकांपासून बोटभर अंतरावर. दुसऱ्यांदा फुगायला साधारण ४० मिनिटं. बोटाने हलकेच दाबल्यावर खळगा सावकाश, अर्धाच भरून आला की झालं. झटकन भरला तर अजून वेळ आहे, तसाच राहिला तर उशीर झाला.

क्रॉस सुरीने पाडू नये, फुगलेल्या पीठातली हवा जाते. ६० ग्रॅम मैदा, ६५ मिली पाणी, चमचाभर तेल असं मिश्रण करायचं, इडलीच्या पीठापेक्षा दाट. पातळ झालं तर ओघळतं, फार घट्ट झालं तर भाजताना तडकून सुटतं. धुऊन पुसलेल्या दुधाच्या पिशवीचा कोपरा कापला की काम होतं. एकेका बनावर थांबायचं नाही, अख्ख्या ओळीवरून एकच सलग रेघ, मग आडवी.

ओटीजी २०० अंशांवर आधी १५ मिनिटं तापवून, मधल्या कप्प्यात १८ ते २० मिनिटं. वरचा रॉड जवळ असतो, तेव्हा १२ मिनिटांनंतर वर फॉइल सैल ठेवते. क्रॉस पांढराच राहिला पाहिजे. दोन चमचे साखर दोन चमचे पाण्यात उकळून पाक तयार ठेवायचा आणि बन बाहेर काढल्या काढल्या लावायचा. गार बनावर तो वाळत नाही, बोटांना चिकटत राहतो.

दुसऱ्या दिवशी बन कोरडे वाटतात. आडवे कापून, तव्यावर लोण्यात शेकून खा.