चाकाला बांधलेलं तांबडं फडकं

8 मे 1847. अमेरिकेत पश्चिमेकडे निघालेल्या मॉर्मन या धर्मपंथाच्या तांड्यातला विल्यम क्लेटन दिवसभर एका गाडीच्या चाकाशेजारून चालत होता. चाकाच्या एका आऱ्याला तांबडं फडकं बांधलेलं, ते वर आलं की एक फेरी. चाकाचा घेर 14 फूट 8 इंच, म्हणजे 360 फेऱ्यांचा बरोबर एक मैल. सांजेला आकडा भरला 4070. सव्वाअकरा मैल आणि वर 20 फेऱ्या. त्याच दिवशी तांड्यातले लोक तेरा-चौदा मैल झाले म्हणत होते.

घराण्याचा इतिहास लिहायला बसलेल्या प्रत्येकाने हा फरक मनात धरावा. सगळे त्याच वाटेने चालले होते आणि खोटं कुणीच बोलत नव्हतं. थकलेल्या पायांना वाट लांब वाटते, एवढंच.

मॉर्मनांच्या घराघरांतून अशा रोजनिशा आणि आठवणी जपल्या आहेत. पण रोजनिशी त्याच रात्रीची असते, आठवण तीस-चाळीस वर्षांनंतरची. 1856 साली हातगाड्या ओढत उशिरा निघालेल्या दोन तांड्यांना वायोमिंगच्या बर्फाने गाठलं, दोनशेहून जास्त माणसं दगावली. त्यातलीच एक गोष्ट फार सांगितली जाते : तीन तरुणांनी जवळजवळ सगळ्यांना पाठीवर घेऊन स्वीटवॉटर नदी पार करवली आणि त्या गारठ्यानेच तिघं लवकर गेले. कागद जुळवल्यावर दिसलं, की मदतीला आणखीही माणसं होती आणि ते तिघं पुढे कित्येक वर्षं जगले. त्यांचं धाडस यानं कमी होत नाही.

आपल्याकडे आजी सांगते, "मानमोडीच्या साली आम्ही बंडीत बसून या गावात आलो." मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ. आजीचा जन्म त्यानंतरचा असेल, तर ही आठवण तिच्या आईची. वाक्य खोडू नका. शेजारी लिहा : कुणी सांगितलं, त्यांनी स्वतः पाहिलं की ऐकलं, आणि कोणत्या तारखेला सांगितलं.

मग तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाची, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढा. अर्जात गाव आणि अंदाजे साल द्या, मागेपुढे पाच वर्षं धरून. इथेच बहुतेकांचं अडतं, कारण बाळाचं नाव पुष्कळदा नसतंच. बापाचं नाव आणि "मुलगी झाली" एवढंच. म्हणून एकाच नोंदीवर थांबू नये. सगळ्या भावंडांच्या नोंदी तारखेने लावा, घरात सांगितला जाणारा थोरला-धाकटा क्रम त्यांच्याशी जुळतो का ते पाहा. एका गावात एकाच नावाचे दोन बाप हमखास असतात. तिथे आज्याचं नाव शोधा.

शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरात 1 जुलै दिसली, तर ती बहुधा मास्तरांनी टाकलेली तारीख समजा. मधल्या काळासाठी 1954-55 चं अधिकार अभिलेख पाहा. वावर कुणाच्या नावावर होतं ते त्यात सापडतं. वऱ्हाडातले जुने कागद मोडी लिपीत लिहिलेले असले तर अंदाजाने वाचू नका, मोडी जाणणाऱ्याला दाखवा.

आणि नकलेचा फोटो काढताना पान क्रमांक चौकटीत येऊ द्या. तो सुटला, की पुन्हा तहसीलची चक्कर.