रविवारचा वर्ग आणि दहावीचे विज्ञान

वसई, जुलैमधला रविवार

आज चर्चमधल्या मिस्सानंतरच्या (रविवारच्या उपासनेनंतरच्या) धर्मशिक्षणाच्या वर्गात दहावीतल्या एका मुलीने विचारले, "टीचर, शाळेच्या पेपरात उत्क्रांती लिहायची आणि इथे सहा दिवसांत सृष्टी झाली असे लिहायचे, असेच ना?" तिच्या विचारण्यात खोडकरपणा नव्हता. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती हा आहे आणि आमच्या वर्गाचे वर्ष बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकापासून सुरू होते. तेव्हा एकाच महिन्यात दोन उत्तरे हाती आलेल्या मुलीने दोन वह्या वेगळ्या ठेवायचे ठरवले, तर त्यात तिचा दोष नाही. मला काळजी वाटते ती या दोन वह्यांचीच. एकाच प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे सांभाळायची सवय लागलेले मूल कॉलेजात गेल्यावर त्यातली एक वही टाकून देते, आणि ती बहुधा रविवारची असते.

म्हणून आज ठरवलेला पाठ बाजूला ठेवून उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय मुलांना शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगितले, आणि प्रयोगाची निरीक्षणे मांडतात तशी, कशानंतर काय निर्माण झाले याची यादी करायला लावली. पहिल्या अध्यायात प्रकाश पहिल्या दिवशी येतो, सूर्य मात्र चौथ्या दिवशी. झाडे आणि प्राणी आधी, माणूस शेवटी. दुसऱ्या अध्यायात माणूस आधी घडवला जातो आणि बाग त्याच्यानंतर लावली जाते. मुले चपापली. एकाने तर "मग खरे कोणते?" असे थेट विचारले. मी त्यांना सांगितले की सूर्याआधी सकाळ आणि संध्याकाळ कशी झाली हा प्रश्न प्राचीन ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन यांना दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पडला होता, आणि आकाश व पृथ्वी यांबद्दल ख्रिस्ती माणसाने पवित्र शास्त्राचा आधार देऊन चुकीची विधाने केली, तर जाणकार लोक त्या शास्त्राच्या इतर शिकवणीवर तरी का विश्वास ठेवतील, असा इशाराही त्यांनी देऊन ठेवला होता. ज्यांनी हे दोन्ही अध्याय एकत्र जपले, त्यांना क्रमातला फरक दिसत नव्हता असे मानण्याचे कारण नाही. त्यांना सांगायचे होते ते हे की ही सृष्टी कोणाची आहे आणि तिच्यात माणसाने कसे वागायचे. सजीव कसे बदलत गेले हे शोधणे विज्ञानाचे काम आहे, आणि तिथे पेपरात लिहायचे उत्तर इथेही तेच राहते.

विज्ञान आणि श्रद्धा एकत्र शिकवणे म्हणजे प्रत्येक वैज्ञानिक माहितीखाली एक वचन चिकटवणे, असे समजून तयार केलेले पाठ मी पाहिले आहेत. त्यातून ना विज्ञान समजते ना वचन. विश्व एका आदिम अणूपासून प्रसरण पावले ही कल्पना १९३१ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी या सिद्धांताचा निर्मितीच्या शिकवणीशी संबंध जोडला, तेव्हा ते लमेत्र यांना रुचले नाही. आपला सिद्धांत धर्माच्या बाजूने किंवा विरोधात पुरावा म्हणून वापरला जाऊ नये, ही त्यांची भूमिका होती. स्वतः धर्मगुरू असलेल्या शास्त्रज्ञाची ही सचोटी मला मुलांसमोर ठेवावीशी वाटते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मताबद्दल गॅलिलिओंना १६३३ मध्ये दिलेली शिक्षाही मी शिकवते, कारण ख्रिस्तसभेची (चर्चची) चूक मुलांना बाहेरून कळण्याआधी आमच्याकडूनच कळली पाहिजे. आणि मठाच्या बागेत वाटाणे लावून आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल शिकवताना प्रार्थनेचा विषय न काढता मी त्यांचे आकडे फळ्यावर लिहिते: ५४७४ गोल बिया, १८५० सुरकुतलेल्या, भागाकार करा. उत्तर जवळजवळ तीन येते तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटते, त्यालाच मी नवल म्हणते, आणि नवल वाटणे हा श्रद्धेचाही भाग आहे असे मी मनापासून मानते.

हे सारे मी रविवारीच करते. आठवडाभर मी ज्या अनुदानित शाळेत विज्ञान शिकवते, तिथे सर्व धर्मांची मुले बसतात, आणि पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणात सहभागी व्हायला लावता येणार नाही, असे राज्यघटनेचा २८ वा अनुच्छेद अशा शाळांना सांगतो. ही मर्यादा मला योग्य वाटते.

विज्ञान आणि श्रद्धा खरोखर एकत्र शिकवता येतील असा पाठ मला पुस्तकात नाही, आमच्या वसईच्या जमिनीत दिसतो. समुद्राकाठच्या जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगत असते, आणि भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या वर जेवढी असते, त्याच्या सुमारे चाळीसपट खोलीपर्यंत समुद्रसपाटीखाली गोडे पाणी टिकते, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे उपसा करून ही पातळी कायमची एक मीटरने खाली नेली, तर खारे पाणी कालांतराने चाळीस मीटर वर येऊ शकते. आपल्या वाडवडिलांनी खणलेली बावखले, म्हणजे छोटी तळी, पावसाचे पाणी जमिनीत मुरवत आली, तर टँकरसाठी होणारा उपसा तेच पाणी काढून घेत राहिला. विहीर खारट का झाली, हे घनतेच्या नियमाने सांगता येते. शेजाऱ्याची विहीर खारट होईल हे ठाऊक असूनही उपसा का करावा, याचे उत्तर त्या नियमात नाही. एदेन बागेची मशागत आणि राखण करण्यासाठी माणसाला तिथे ठेवले, हे उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातले वाक्य इथे मुलांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईचे पर्यावरण वाचवण्याच्या हरित वसईच्या लढ्यात या शिकवणीचेच बळ वापरले होते, हे या मुलांच्या आईवडिलांना चांगले आठवते.

पुढच्या रविवारी प्रत्येकाने आपल्या विहिरीचे पाणी बाटलीत भरून आणायचे आहे आणि ते पूर्वीपेक्षा खारट झाले असेल तर कधीपासून, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणायचे आहे. क्षारांचे प्रमाण मोजण्याचे छोटे यंत्र माझ्याकडे आहे. पावसाळ्यात आकडे कमीच येतील, म्हणून त्याच विहिरींची मोजणी एप्रिलमध्ये पुन्हा करायची, असे मुलांनी आताच ठरवले आहे, आणि बावखलाच्या काठावर वर्ग भरवण्यासाठी मी फादरांकडे परवानगी मागितली आहे.