डोळे भरायचे दिवस

रविवार, रात्री साडेदहा. प्रतापनगर, नागपूर.

बाबांना जाऊन आज नऊ दिवस झाले, उद्या दहावा. घरात गाद्याच गाद्या. आत्या पुढच्या खोलीत दिवाणावर बसून आहे, अंगावर शाल आणि त्यावर बाबांचं मेंदी रंगाचं स्वेटर. ते धुवायला टाकू का म्हणून मी दोनदा विचारलं. दोनदाही तिला ऐकू आलं नाही.

दुपारी भेटायला दोघे जण आले होते. त्यांच्यासमोर, पण त्यांच्याकडे न पाहता आत्या म्हणाली, "मी ब्याऐंशीची. तो शहात्तरचा. मोठी मी. मंग त्याले काऊन नेलं? माणसाले मरावं काऊन लागते, बाप्पा?"

एकाने लगेच आत्मा अमर असल्याचं सांगितलं. आत्या म्हणाली, "आत्म्याचं असो भाऊ. माह्या लहान्याचं सांगा." दुसरे निवृत्त मास्तर. ते म्हणाले, जुन्यांनी नव्यांना जागा करून द्यावी लागते, निसर्गाचा नियमच आहे तसा. त्यावर आत्या: "ही का ष्टारबस हाय, उतरा म्हनाले?"

मला हसू आलं. नऊ दिवसांत पहिल्यांदाच आलं आणि मी ते चहाच्या ट्रेमागे दडवलं.

पण आत्याचं बरोबर होतं. जागा करून देण्याची ही गोष्ट मीही शाळेत ऐकली आणि पुढे बरीच वर्षं खरी मानली. ऑगस्ट वाइजमन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८१ साली साधारण हेच मांडलं होतं, की झिजलेले गेले की प्रजातीचं भलं होतं. नंतर तोच त्यातून मागे सरला. खोट साधी आहे. इतरांसाठी आपणहून सरकणारा एक आणि जागा धरून पोरंबाळं वाढवणारा दुसरा, यांत पुढच्या पिढीत कोणाचे वंशज जास्त दिसतील? जो सरकला त्याचे तर नाहीतच.

मग खरं काय? जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावर यांनी १९५१ साली लंडनच्या एका व्याख्यानात परीक्षानळ्यांचं उदाहरण दिलं होतं. मला ते आमच्या धंतोलीतल्या लॅबखालच्या टपरीवर समजलं. तिथले चहाचे काचेचे ग्लास म्हातारे होत नाहीत, फुटतात. पोराच्या हातून पडतात, गरम ग्लासावर थंड पाणी पडलं की तडकतात. नवा असो की जुना, फुटायची शक्यता तेवढीच. तरी तीन वर्षांपूर्वीचा ग्लास शोधू गेलं तर एखादाच सापडेल. आता समजा, काचेत असा काही दोष असता की दहाव्या वर्षी ती आपोआप तडकते, तर टपरीवाल्याला तो कळलाच नसता. दहा वर्षं टिकतो कोणता ग्लास? माणसाचंही तसंच. साप, पूर, दुष्काळ, बाळंतपण, ताप. यांतून वाचून म्हातारपणापर्यंत पोचणारे फार थोडे, म्हणून तिथे उगवणारे दोष निसर्गाच्या चाळणीत अडकलेच नाहीत. ते साठत गेले. मरण कोणी ठरवलेलं नाही, ते न पाहिल्यामुळे राहून गेलं आहे.

दुसरी गोष्ट मला बाबांच्या बागेत आधी दिसली आणि तिचं नाव मागाहून कळलं. काटोलकडे आमची संत्र्याची बाग. पावसाळ्याच्या आधी बाबा झाडांच्या बुंध्यांना बोर्डो मलम लावायचे: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. डिंक्या लागू नये म्हणून. निळसर पांढरे बुंधे, शाळेत निघालेल्या पोरांच्या मोज्यांसारखे. विहिरीपलीकडच्या जुन्या झाडांना मात्र ते लावत नसत. मी लहानपणी भांडले होते. बाबा म्हणाले, "तेवढ्या पैशात नव्या ओळीला खत होते, माय." जुनी झाडं पाच-सात वर्षं डिंक गाळत उभी राहिली, शेवटपर्यंत थोडीथोडी फळं देत. बाबांना त्यांचा राग नव्हता, हिशेब होता. टॉम कर्कवुड या शास्त्रज्ञाने १९७७ साली शरीराबद्दल हेच लिहिलं. दुरुस्ती फुकट होत नाही. अन्न मोजकं असताना शरीर अमर ठेवण्यावर खर्च करणारा मागे पडतो. कामापुरतं शरीर नीट ठेवून उरलेलं लेकरांवर घालणाऱ्याचा वंश पुढे जातो. आपण सगळे विहिरीपलीकडची झाडं.

हे सगळं मी आत्याला सांगितलं नाही. सांगायचा प्रयत्न केला असता तर मला ते हुशारी दाखवल्यासारखं वाटलं असतं, आणि तिला जांभई आली असती.

खरं तर आणखी एक गोष्ट आहे, ती मी कोणालाच सांगितलेली नाही. जूनमध्ये बाबांच्या शरीरातून तपासणीसाठी काढलेला तुकडा आमच्याच लॅबला आला. ब्लॉक मी कापला. दुसऱ्या कोणाला दे, असं सर म्हणाले होते. मी म्हटलं, हात माझा बरा आहे. मेणातला तुकडा मायक्रोटोम नावाच्या कापणयंत्रावर चार मायक्रॉनने कापायचा, म्हणजे मिलिमीटरचा अडीचशेवा भाग. फीत निघते, ती कोमट पाण्यावर पसरायची, ब्रशने सुरकुती काढायची आणि खालून काच घालून उचलायची. बावीस वर्षं हेच करते आहे. त्या दिवशी फीत तीनदा फाटली. चौथ्यांदा आली ती इतकी नीट आली, की पाण्यावर आहे की नाही ते कळेना.

रंगवल्यावर मी पाहायला नको होतं, निदान करणं माझं कामही नाही. पण पाहिलं. गुलाबी पसाऱ्यात जांभळे, दाटीवाटीने बसलेले केंद्रक, आणि त्यांत ठिकठिकाणी मधोमध दुभंगताना पकडलेले. विभाजन, विभाजन, विभाजन.

साधी पेशी असं न थांबता करत राहत नाही. १९६१ साली हेफ्लिक आणि मूरहेड यांनी दाखवलं, की माणसाच्या साध्या पेशी काचेत वाढवल्या तर पन्नासेक वेळा दुभंगतात आणि थांबतात. गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर असतात, ते दर खेपेला थोडे आखूड होतात. आखूड झाले की पेशी थांबते. ही एक मर्यादा आहे आणि तिचा उपयोगही आहे. बिघडलेली पेशी हाताबाहेर जाण्याआधी तिच्यापाशी अडते. कर्करोगाच्या बहुतेक पेशी ही टोकं पुन्हा वाढवणारं विकर चालू करून घेतात. हेन्रिएटा लॅक्स नावाची अमेरिकन बाई १९५१ साली, एकतिसाव्या वर्षी कर्करोगाने गेली. तिच्या गाठीतल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. लोक अमरत्वाबद्दल बोलतात तेव्हा मला ती जांभळी दाटी दिसते. बाबांच्या शरीरात मरायला तयार नसलेलं तेवढंच होतं, आणि त्यानेच त्यांना नेलं.

अंबाझरी घाटावर मीही गेले होते. लाकडाऐवजी मोक्षकाष्ठ घेतलं. शेतातल्या काडीकचऱ्याच्या, पऱ्हाटीच्या, कुटाराच्या दाबून केलेल्या कांड्या. भाऊ म्हणाला, जन्मभर जे जाळू नका म्हणत होते त्यातच गेले. तिसऱ्या दिवशी राख सावडताना ती फार हलकी लागली. एवढंच.

संध्याकाळी आत्याला थोडा वरणभात गेला. मग तिनेच विचारलं, "सगळ्यात जास्त कोन जगलं गं?"

म्हटलं, फ्रान्समधली एक बाई. जान काल्माँ. १२२ वर्षं आणि वर १६४ दिवस. १९९७ साली गेली.

"लेकरं?"

"एक मुलगी. १९३४ साली गेली, आईच्या आधीच. मग मुलीचा मुलगा होता, नातू. तोही १९६३ ला गेला."

आत्या बराच वेळ स्वेटरच्या बाहीचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत राहिली. "म्हंजे तीबी मांगंच राह्यली," म्हणाली. "माह्यासारखीच."

मला तेव्हा कळलं, की मास्तरांनी, मेडावरनी आणि मी, सगळ्यांनी दुसऱ्याच प्रश्नाची उत्तरं काढून ठेवली आहेत. तिला मरणाचं कारण नको होतं. रांग मोडल्याची तक्रार होती ती. आणि आयुष्य कितीही लांबवलं तरी रांग सरळ होत नाही.

नऊ वाजता काटोलहून आमच्या गड्याचा फोन आला. कलमाच्या खुंटांसाठी लावलेली जंबेरी लिंबाची पन्हेरी तयार आहे, खुंट पेन्सिलीएवढे जाड झाले, डोळे भरणारा, म्हणजे कलमं बांधणारा, बुधवारी येतो म्हणतो. तेराव्यापर्यंत थांबला तर मग पुढच्या गावी जाईल. डोळकाड्या कोणत्या झाडाच्या घ्यायच्या?

हे काम बाबा दरवर्षी स्वतः करायचे. आमच्या बागेतलं एकही संत्रं बीपासून आलेलं नाही. चांगल्या झाडाचा एक डोळा काढायचा, खुंटाच्या सालीत चीर देऊन बसवायचा, पट्टीने बांधायचा. ते झाड म्हातारं होण्याआधी त्याचा डोळा पुढच्या खुंटावर जातो. झाडं मरत जातात, डोळा मात्र भोसल्यांच्या काळापासून चालत आला म्हणतात. आपल्या आत तर हे त्याहून जुनं आहे. आईबाबांकडून माझ्यापर्यंत आलेली पेशीची ओळ साडेतीन अब्ज वर्षांत एकदाही तुटलेली नाही. तुटली असती तर मी इथे लिहीत नसते. पण डोळ्याला झाड आठवत नाही. बाबांचा हिशेबी स्वभाव, त्यांची "माय" म्हणायची तऱ्हा डोळ्यातून जात नाही. आणि हो, डोळ्याबरोबर रोगही जातो. म्हणून झाड निवडणं महत्त्वाचं.

भाऊ फोन धरून माझ्याकडे पाहत राहिला. मला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं. बाबांच्या वहीत मजुरी, मोरचूद, डिझेल सगळं लिहिलेलं, झाडाचं काही नाही.

पुढच्या खोलीतून आत्याचा आवाज आला. "विहिरीकून तिसरी ओळ. धुऱ्यापासून पाचवं झाड. चिंधी बांधली हाय त्यानं, निळी. माह्या लुगड्याचीच हाय." मग जरा थांबून, "कवळी काडी घेऊ नको म्हनाव. पानं तोडजो, देठ ठेवजो. अन् ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवजो, नाही तं वाळते."

भावाने दोनदा विचारून ते लिहून घेतलं.