तुम्ही विचारलंत म्हणून: चांगले बॅक्टेरिया आणि माझं आतडं

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला आतून सूज येऊन जखमा होतात तो आजार) आहे म्हटलं की समोरचा माणूस आधी हळहळतो आणि मग हमखास विचारतो, "चांगले बॅक्टेरिया घेऊन बघितलेत का हो? हल्ली कॅप्सूल मिळतात ना!" आपुलकीनेच विचारतात सगळे. मी मान डोलावते आणि विषय बदलते. आज नाही बदलत.

बघितलेत घेऊन. एवढंच नाही, त्या कॅप्सूलच्या भरवशावर ही सूज आवरणाऱ्या रोजच्या मेसालामाइनच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. डॉक्टरांना विचारलं नाही, कारण ते काय म्हणतील हे माहीत होतं. महिनाभर छान गेला. आधीच्या गोळ्यांच्या पुण्याईवर गेला असणार. मग एका पहाटे चारला कळ आली, कमोडमध्ये रक्त दिसलं आणि त्या दिवशी मी चौदा वेळा संडासला गेले. पुढे स्टेरॉइड, सुजलेला चेहरा, उडालेली झोप. दोष कॅप्सूलचा नव्हता, माझ्या शहाणपणाचा होता.

तरीही प्रश्न खुळा नाही. बॅक्टेरियांचा या आजाराशी संबंध आहेच. आपल्या अंगात साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया असतात, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. इंटरल्युकिन-१० हे दाह आवरणारं प्रथिन ज्यांच्यात तयारच होत नाही अशा उंदरांचं आतडं सुजतं. पण तेच उंदीर पूर्ण निर्जंतुक पिंजऱ्यात वाढवले तर सुजत नाही. आणि माणसांत? क्रोन्स हा माझ्या आजाराचा सख्खा भाऊ. त्यात आतड्याचा खराब भाग कापून उरलेली टोकं जोडतात. बेल्जियमच्या डॉक्टरांनी काही रुग्णांत त्या जोडावरून मल जाऊच दिला नाही, तेव्हा जोड स्वच्छ राहिला. १९९८ साली त्यांनी तीन रुग्णांच्या अशा स्वच्छ भागात त्यांच्याच आतड्यातला द्रव सोडला. आठ दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली दाह दिसू लागला. मला हा प्रयोग वाचून शहारा आला होता. बाहेरचं काही नाही, आपलंच आपल्याला सोसत नाही.

म्हणजे भांडण आहे खरं, पण सुरू कोणी केलं? फिकॅलिबॅक्टेरियम प्रॉस्निट्झाय नावाचा एक बॅक्टेरिया निरोगी आतड्यात भरपूर असतो. न पचलेल्या तंतूंपासून तो ब्युटिरेट बनवतो, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. आयबीडीच्या, म्हणजे आतड्याच्या अशा दाहाच्या आजारांच्या, रुग्णांत, विशेषतः क्रोन्समध्ये, तो घटलेला सापडतो. पण तो गेला म्हणून आतडं सुजलं, की आतडं सुजलं म्हणून तो गेला? सुजलेल्या अस्तरातून ऑक्सिजन झिरपतो, आणि ऑक्सिजन म्हणजे त्याचा काळ. म्हणूनच त्याला कॅप्सूलमध्ये भरणं महाकठीण. आपल्या हाती येतात ते बहुधा लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम. चोर कोण हेच ठरलेलं नाही आणि आपण पहारेकरी वाढवतोय.

एक अपवाद सांगायलाच हवा, नाहीतर मी एकतर्फी बोलले असं व्हायचं. पहिल्या महायुद्धात जुलाबाने सैनिक आडवे होत असताना एक जण ठणठणीत राहिला. आल्फ्रेड निसले या जर्मन डॉक्टरांनी १९१७ साली त्याच्या विष्ठेतून ई. कोलायचा एक वाण वेगळा काढला. २००४ साली ३२७ रुग्णांच्या चाचणीत, शांत झालेला अल्सरेटिव्ह कोलायटिस वर्षभर शांत ठेवण्यात हा वाण मेसालामाइनच्या जवळपास बरोबरीचा ठरला. शांत झालेला, हं. आणि तोच एक वाण. डबीवर 'प्रोबायोटिक' लिहिलेलं काहीही नव्हे.

"मग दुसऱ्याची विष्ठा घालतात म्हणे?" हे लोक कुजबुजत विचारतात. हो, निरोगी माणसाची, तपासून, पातळ करून. कॅनडात २०१५ च्या चाचणीत असे उपचार घेतलेल्यांपैकी २४ टक्के रुग्णांचा कोलायटिस शांत झाला, नुसतं पाणी दिलेल्यांत ५ टक्के. गंमत पुढेच आहे: बरे वाटलेल्या नऊ जणांपैकी सात जणांना एकाच दात्याची विष्ठा मिळाली होती. त्याच वर्षी नेदरलँड्सच्या चाचणीत मात्र ठळक फरक दिसला नाही. मी अजून तरी त्या वाटेला गेलेले नाही. पण त्या दात्याच्या पोटात काय नांदत होतं याचा विचार मी नको तितक्या वेळा करते.

उद्या माझी कॅल्प्रोटेक्टिनची, म्हणजे विष्ठेची एक तपासणी आहे. आतड्यात पांढऱ्या पेशींची गर्दी किती झाली, ते यात रक्त न काढता कळतं. झाकणालाच चिमुकला चमचा असलेली डबी संडासच्या फळीवर ठेवली आहे, नाव आणि तारीख लिहून. शेजारी मेसालामाइनची स्ट्रिप, आजची गोळी घेतलेली.